सांधा पुसणारे हात

नळकाम करणाऱ्याला ‘प्लंबर’ हे नाव मिळाले ते ‘प्लंबम’ म्हणजे शिसे या लॅटिन शब्दावरून. रोमन शहरांतले नळ शिशाचे होते. ते जोडण्याचा डाक कसा करायचा, हे प्लिनीने पहिल्या शतकात लिहून ठेवले: दोन भाग शिसे, एक भाग कथील. विसाव्या शतकातले ब्रिटिश कारागीरही जवळपास हेच प्रमाण धरून होते.

प्रमाण इतके टिकले, त्याला कारण होते. हा मिश्रधातू 183 अंश सेल्सियसला मऊ पडू लागतो, पण पुरता पातळ व्हायला आणखी सुमारे सत्तर अंश लागतात. मधल्या वेळात तो घट्ट पिठल्यासारखा असतो. कारागीर तो पळीने सांध्यावर ओतायचा आणि चरबी लावलेल्या जाड कापडाने पुसत पुसत त्याला गुळगुळीत फुगीर आकार द्यायचा. बोटे भाजल्याशिवाय ही विद्या येत नसे. उमेदवारी वर्षानुवर्षे चाले.

आपला कल्हईवालाही वितळलेला धातू असाच पुसत पसरवतो. तापलेल्या भांड्यात नवसागर टाकतो आणि कथील कापसाने फिरवतो.

पुढे शिशाच्या नळाची जागा तांब्याने घेतली. तांब्याचा नळ काही नवा नव्हे. इजिप्तमध्ये अबुसीर येथे, सहुरे राजाच्या पिरॅमिड-मंदिरात, साडेचार हजार वर्षांपूर्वीची तांब्याच्या ठोकलेल्या पत्र्याची सांडपाण्याची नळी सापडली. पण घरोघरी तांबे पोहोचले ते विसाव्या शतकात, पातळ भिंतीच्या नळ्या स्वस्तात ओढता येऊ लागल्यावर. नळी आणि जोडणीचा तुकडा यांत केसाएवढी फट ठेवली, की वितळलेला डाक केशाकर्षणाने आपोआप आत ओढला जातो, अगदी वरच्या दिशेनेही. कापडाने पुसण्याची गरजच उरली नाही.

हौशी माणसाने स्वतःच्या घरी हे काम हाती घेतले ते त्यामुळेच. 1930 च्या दशकात इंग्लंडमध्ये तर डाकाचे कडे आतच बसवलेले तुकडे बाजारात आले; नुसते तापवायचे. तरी नवशिक्या चुकतोच. तांबे चकचकीत होईपर्यंत घासत नाही, फ्लक्स, म्हणजे डाक धरावा म्हणून लावायचा लेप, विसरतो, किंवा ज्योत तुकड्याऐवजी डाकाच्या तारेवर धरतो. मग डाक थेंब थेंब होऊन खाली पडतो. नळीत पाणी राहिले असेल, तर सांधा तापतच नाही आणि माणूस उगाच ज्योतीला दोष देतो.

शिसे विषारी, आणि ते पाण्यात उतरते; हा प्रश्न मात्र तांब्याच्या नळालाही चुकला नाही. नळ तांब्याचा, पण प्रत्येक सांध्यातला डाक शिशाचा! अमेरिकेने 1986 मध्ये पिण्याच्या पाण्याच्या नळांच्या डाकात 0.2 टक्क्यांहून अधिक शिसे वापरायला बंदी केली. त्यानंतरचा डाक बहुतांशी कथलाचा. तो वितळायला जास्त ताप लागतो आणि पुसण्याजोगा पिठल्यासारखा फारसा राहत नाही. जुने सांधे मात्र अनेक घरांच्या भिंतींत अजून आहेत. तिथे सकाळी नळ सोडला की पहिले पाणी वाहून जाऊ देतात.