इंटरनेटची तार कोणी ओढली?

बँक सखीच्या यंत्रावर अंगठा लावायचा असो, रेशन घ्यायचं असो, नाहीतर गटाची नोंद मोबाइलवर भरायची असो, “रेंज नाही” म्हटलं की आम्हा बायकांचा अर्धा दिवस जातो. मग बैठकीत वाद रंगतो. एक म्हणते, सरकारी काम म्हणजे असंच. दुसरी म्हणते, खासगी कंपनी तरी कुठे आपल्या वाडीत टॉवर उभारते? आज या वादाचा थोडा इतिहास पाहू.

सुरुवात सरकारनंच केली. 1984 मध्ये सी-डॉट ही सरकारी संस्था निघाली. तिनं खेड्यासाठी छोटं टेलिफोन एक्स्चेंज बनवलं. त्याला एसीची खोली लागत नव्हती, ऊन-धुळीतही ते चालायचं. 1986 मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला त्यातलं पहिलं बसलं. त्याच वर्षी सरकारनं, संयुक्त राष्ट्रांची मदत घेऊन, आयआयटीसारख्या मोठ्या संस्थांचे संगणक जोडायचं काम हाती घेतलं. त्यात नफा दिसत नव्हता, पण माणसं शिकून तयार झाली.

15 ऑगस्ट 1995 ला विदेश संचार निगम या सरकारी कंपनीनं सर्वांसाठी इंटरनेट खुलं केलं. पण ते मोठ्या शहरांपुरतं, महाग आणि फार हळू. दुकान एकच असलं की भाव कोण कमी करणार? 1998 मध्ये खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली आणि स्पर्धा सुरू झाली. 2016 मध्ये जिओनं सुरुवातीचे काही महिने इंटरनेट फुकट दिलं, तेव्हा बाकीच्यांनाही दर उतरवावे लागले. आज आपल्या हातात फोन आहे, त्यात खासगी कंपन्यांचा मोठा वाटा आहे. हे मान्य करायलाच हवं.

पण दुसरी बाजूही ऐका. 1994 च्या धोरणानंतर खासगी कंपन्यांना लँडलाइन फोनचे परवाने मिळाले, तेव्हा गावागावांत सार्वजनिक फोन बसवायची अट होती. प्रत्यक्षात त्यांनी फारच थोडे बसवले. कारण साधं आहे. चर खणून तार टाकायचा खर्च पन्नास घरांसाठी आणि पाच हजार घरांसाठी जवळपास सारखाच. वडाप जीप भरल्याशिवाय हलत नाही, एसटी मात्र चार प्रवाशांसाठीही आडगावी जाते, तसंच हे.

म्हणून 2002 मध्ये सरकारनं एक निधी काढला. टेलिफोन कंपन्यांच्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा त्यात जमा होतो आणि तो खेड्यांसाठी वापरायचा असतो. म्हणजे आपल्या रिचार्जमधले थोडे पैसेही त्यात आहेत. त्याच निधीतून 2011 मध्ये सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना मंजूर झाली. तिलाच पुढे भारतनेट नाव मिळालं. दोन वर्षांत काम संपवायचं ठरलं होतं, पण पहिल्या एक लाख पंचायती व्हायलाच 2017 साल संपत आलं. आणि तार आली तरी रस्ता खणताना तुटते, बॅटरी उतरते, डबा बंद पडतो. टाकणाऱ्याचं काम संपलेलं असतं आणि दुरुस्तीला कोणी येत नाही.

या इतिहासातून आम्हाला एवढंच कळलं: जिथं नफा नाही तिथं सरकारनं जायचं, जिथं गिऱ्हाईक आहे तिथं स्पर्धेनं भाव उतरवायचा. पण सरकारी तार चालू राहते का, हे गावानंच विचारायला हवं. पाण्याच्या टाकीबद्दल आपण ग्रामसभेत विचारतो की नाही? तसंच विचारू या. आपल्या पंचायतीत भारतनेट आलंय का? चालू आहे का? त्याची जोडणी शाळेला, अंगणवाडीला, दवाखान्याला दिली आहे का? बंद असेल तर तक्रार कोणी आणि कुठे केली?

येत्या महिला ग्रामसभेत हा विषय ग्रामसंघातर्फे लेखी द्या आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.