वेळासचे माहेर

बाणकोटहून दक्षिणेकडे निघालेला रस्ता डोंगराच्या कुशीतून वळतो आणि माडापोफळींच्या सावलीत येऊन थांबतो. तेथेच मंडणगड तालुक्यातले वेळास वसले आहे. कौलारू घरे थोडी. त्यांतही कुलूपबंद बरीच. गेल्या फाल्गुनात नातवाला घेऊन मी तेथे गेलो, तो नाना फडणविसांचे गाव पाहावे म्हणून. परतलो तो निराळेच काही मनात घेऊन.

नाना जन्मले साताऱ्यास, १७४२ साली. वेळास हे त्यांच्या भानू घराण्याचे मूळ गाव. खाडीपलीकडच्या श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ भट सिद्दीच्या जाचाने परागंदा झाले, तेव्हा भानू बंधूंनी त्यांची सोबत केली आणि मंडळी घाट चढली, अशी परंपरा आहे. १७१३ मध्ये भटांना पेशवाई मिळाली. फडणिशी भानूंकडे आली. १७१९ मध्ये दिल्लीच्या दंग्यात बाळाजी महादेव भानू कामी आले. त्यांचा नातू बाळाजी जनार्दन, म्हणजेच नाना. पानिपतावर त्यांची आई हरपली. पुढे १८०० साली मृत्यू येईपर्यंत ते पुण्याच्या राजकारणात वावरले. दैवाची गंमत अशी, की ते १४ वर्षांचे असताना, १७५६ च्या तहाने, शेजारचा बाणकोट किल्ला इंग्रजांकडे गेला. ज्याने इंग्रजांना शह दिला, त्याच्याच मूळ गावाच्या उशाशी त्यांचे निशाण फडकत राहिले!

भानू गेले, तसे मागाहून पुष्कळ गेले. कोणी पुण्यास, कोणी मुंबईच्या गिरण्यांत नि गोदीत. कोकणातल्या कितीतरी गावांचा इतिहास हा असा निघून गेलेल्यांचा इतिहास आहे. मी तरी निराळा कुठे? याच जिल्ह्यात आमचेही एक घर कित्येक वर्षे बंद आहे.

पण वेळासला माघारी येणारेही कोणी आहे. थंडीच्या दिवसांत रात्री समुद्रकासवाची मादी वाळूवर चढते, खड्डा करून शंभरेक अंडी घालते, वाळूने झाकते आणि निघून जाते. ज्या किनाऱ्यावर ती जन्मली, त्याच भागात ती परतते, असे शास्त्रज्ञ मानतात. बाळंतपणाला माहेरी यावे तशी! पूर्वी ही अंडी माणसे काढून नेत, कोल्हीकुत्री खात. २००२ पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून ती राखायला सुरुवात केली. अंडी कुंपणात पुरतात. सुमारे पन्नास-साठ दिवसांनी पिल्ले निघतात. ती पाहायला पाहुणे येतात, गावच्या घरांतून उतरतात आणि चार घरांच्या चुली त्यावर चालतात. २०२२ च्या जानेवारीत एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला ठावठिकाणा कळवणारे यंत्र बसवले. तिचे नाव ठेवले ‘प्रथमा’.

पहाटे टोपली उचलली. तळहाताहून लहान जीव धडपडत लाटेकडे निघाले.

“आजोबा, ही परत येतील?” नातवाने विचारले.

मी उत्तर शोधत होतो, तोच आमच्या घरधनीण आजी म्हणाल्या, “येतात हो बाळा. माणसांचंच काही सांगता येत नाही.”

आजींचा रोख माझ्यावर नव्हता; तरी मान खाली गेली. यंदा दिवाळीची पहिली पणती आमच्या त्या बंद घराच्या ओसरीवर लावायचे ठरले आहे. कुलूप गंजले असेल. तेलाची बाटली बरोबर घेतली आहे.