चालता इतिहास : क्राइचचे ट्राम संग्रहालय आणि कौटुंबिक सहलीतून होणारे इतिहासदर्शन

प्रास्ताविक

राजवाडे, किल्ले, शिल्पे व शस्त्रे यांचे जतन करण्याची परंपरा जुनी आहे. सामान्य माणूस ज्या वाहनाने रोज कामावर गेला, त्या वाहनाला ऐतिहासिक वस्तूचा दर्जा मिळण्यास मात्र विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यातील क्राइच येथील राष्ट्रीय ट्राम संग्रहालय हे या बदलाचे ठळक उदाहरण होय. येथे येणारा प्रेक्षक बहुतांशी मुलाबाळांसह दिवसभराच्या सहलीला आलेला असतो. अशा सहलीतून कोणता इतिहास हाती लागतो व कोणता निसटतो, याचा विचार प्रस्तुत लेखात मुंबईच्या ट्रामच्या संदर्भासह करण्याचा प्रयत्न केला आहे.

ब्रिटनमधील ट्रामचा अस्त

1870 च्या ट्रामवे कायद्याने ब्रिटनमधील ट्रामवाहतुकीला निश्चित चौकट दिली. रुळांमधील आणि रुळांलगतच्या पट्ट्यातील रस्त्याची दुरुस्ती ट्रामचालक संस्थेनेच करावी, असे बंधन या कायद्यात होते. घोड्यांच्या टापांनी रस्ता उखडत असे, त्या काळात हे बंधन न्याय्य होते. पुढे ट्राम विजेवर धावू लागल्या तरी ते कायम राहिले; त्याच रस्त्यावरून धावणाऱ्या बसवर मात्र तसा भार नव्हता. 1931 मध्ये प्रसिद्ध झालेल्या शाही वाहतूक आयोगाच्या अंतिम अहवालाने नव्या ट्राममार्गांची उभारणी थांबवावी व असलेले क्रमाने बंद करावेत, असा अभिप्राय दिला. लंडनची जुनी ट्राम 1952 मध्ये, लीड्सची 1959 मध्ये, शेफील्डची 1960 मध्ये आणि ग्लासगोची 1962 मध्ये थांबली. ब्लॅकपूलचा समुद्रकिनाऱ्यालगतचा मार्ग तेवढा टिकून राहिला.

संग्रहालयाची उभारणी

1948 मध्ये साउथॅम्प्टन शहरातील ट्राम मोडीत निघत असताना तेथे भेट देण्यास गेलेल्या काही ट्रामप्रेमींनी 45 क्रमांकाची, उघड्या छताची एक ट्राम 10 पौंडांना विकत घेतली. ती ठेवायची कोठे, हा प्रश्न अर्थातच त्यानंतर उभा राहिला. यातूनच 1955 मध्ये ट्रामवे म्युझियम सोसायटी स्थापन झाली. 1959 मध्ये सोसायटीला क्राइच येथील चुनखडीच्या जुन्या खाणीची जागा मिळाली. या खाणीतून पूर्वी जॉर्ज स्टीफन्सन यांनी उभारलेली खनिजवाहू रेल्वे जात असे. औद्योगिक क्रांतीच्या एका अवशेषावरच दुसऱ्या अवशेषाला आश्रय मिळाला, ही गोष्ट उल्लेखनीय आहे.

रूळ टाकणे, तारा ओढणे, कुजलेले लाकूड बदलणे ही कामे सभासदांनी सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या हातांनी केली. 1963 मध्ये येथे घोड्याची ट्राम धावली व 1964 मध्ये विजेच्या ट्रामची प्रवासी फेरी सुरू झाली. आज संग्रहात साठांहून अधिक वाहने आहेत.

सहल आणि इतिहासाचे वाचन

प्रवेश करणाऱ्याला येथे एक जुना पेनी दिला जातो. ब्रिटनने 1971 मध्ये दशमान चलन स्वीकारल्यावर चलनातून गेलेले हे नाणे ट्रामच्या वाहकाच्या हाती द्यायचे व तिकीट घ्यायचे. एवढ्या साध्या क्रियेतून मुलांना चलन, भाडे आणि वाहकाचे काम यांची ओळख होते. ट्राम सुमारे एक मैल जाते. शेवटच्या थांब्यावर ती वळत नाही. वाहक तारेला टेकणारा दांडा फिरवतो आणि चालक दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहतो. दोन्ही टोकांना चालकाची जागा का, हे काचेच्या कपाटातील प्रतिकृतीपेक्षा येथे अधिक सहज उमगते. वस्तू चालती ठेवली म्हणजे ती दुरुस्त करण्याचे कौशल्यही जिवंत राहते, हा त्याचा दुसरा लाभ.

तथापि या दर्शनाला मर्यादाही आहेत. येथील रस्ता हा कोणत्याही एका शहराचा रस्ता नाही. 1963 च्या आगीत हानी पोहोचलेल्या डर्बीच्या असेंब्ली रूम्सचा अठराव्या शतकातील दर्शनी भाग आणि स्टोक-ऑन-ट्रेंट येथील रेड लायन ही मद्यशाळा येथे आणून उभारली आहे. निरनिराळ्या शहरांच्या ट्राम या एकाच रस्त्यावर धावतात. सहलीच्या दिवशी मोकळ्या बाकावर बसलेल्या कुटुंबाला पहाटेच्या पाळीची गर्दी, वाहकाचा दिवसभर उभा राहून शिणलेला देह किंवा घोड्यांचे कष्ट दिसत नाहीत. गतकाळ सुखद वाटू लागतो. म्हणून अशा स्थळी जतन केलेल्या वस्तूबरोबर श्रमाचा इतिहासही सांगितला जाणे अगत्याचे ठरते.

मुंबईचा संदर्भ

क्राइचला विजेची ट्राम सुरू झाली, त्याच 1964 सालच्या 31 मार्च रोजी बोरीबंदर ते दादर अशी मुंबईची अखेरची ट्राम धावली. 9 मे 1874 रोजी घोड्यांच्या ट्रामने सुरू झालेला, 7 मे 1907 रोजी विजेवर आलेला व 1920 मध्ये दुमजली झालेला हा प्रवास तेथे संपला. आणिक आगारातील बेस्टच्या संग्रहालयाने या वाहतुकीच्या खुणा जपल्या आहेत. परंतु रुळांवरून धावणारी एकही ट्राम मुंबईकरांसाठी उरली नाही. 2017 मध्ये हुतात्मा चौकाजवळ खोदकामात जुने रूळ उघडे पडले, तेव्हा ट्रामची स्मृती पुन्हा जागी झाली. ‘दादर टी. टी.’ म्हणणाऱ्या अनेकांना त्यातील एक ‘टी’ ट्रामचा आहे, हे ठाऊक नसते. वस्तू गेली, नाव राहिले आणि अर्थ विसरला गेला, अशी ही अवस्था आहे. कोलकात्यातही 2024 मध्ये राज्य सरकारने मैदान ते एस्प्लनेड हा वारसामार्ग वगळता ट्राम बंद करण्याचे जाहीर केले. त्यामुळे जतनाचा प्रश्न भारतात केवळ गतकाळाचा राहिलेला नाही.

निष्कर्ष

ज्या शेफील्डने 1960 मध्ये ट्राम कालबाह्य ठरवली, त्याच शहरात 1994 मध्ये नव्या रूपातील ट्राम सुरू झाली. मँचेस्टरमध्ये ती त्याआधीच, 1992 मध्ये परतली होती. ‘कालबाह्य’ हा निर्णय इतिहासाचा नसून त्या त्या काळातील धोरणाचा असतो, हे यावरून स्पष्ट होते. क्राइचच्या सभासदांनी शासकीय आदेशाची वाट न पाहता 10 पौंडांच्या एका वाहनापासून आरंभ केला. आपल्याकडे गिरणी, छापखाना, ट्राम यांसारख्या श्रमजीवनाच्या साधनांचे जतन करताना वस्तू, ती चालवण्याचे कौशल्य आणि चालवणाऱ्यांच्या आठवणी या तिन्हींची नोंद एकत्र होणे आवश्यक आहे. मुंबईची ट्राम चालवलेली पिढी झपाट्याने अस्तंगत होत आहे. तिच्या मौखिक इतिहासाचे संकलन महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना हाती घेता येण्याजोगे आहे. मात्र त्यासाठी उरलेला अवधी फार थोडा आहे.