शरीररचना संगणकप्रणालींचे चिनी भाषांतर

मानवी शरीराची त्रिमित प्रतिमाने दाखवणाऱ्या आणि ज्यांची मूळ सामग्री कोणालाही पाहता, बदलता व पुन्हा वाटता येते अशा मुक्तस्रोत संगणकप्रणालींमधील अवयवांची नावे, वर्णने आणि पडद्यावरील सूचना चिनी भाषेत आणण्याचे काम. यातील सूचनांचा भाग तुलनेने सोपा असतो. अवघड भाग अवयवनामांचा, कारण प्रत्येक हाड, स्नायू, धमनी व चेता यांना चिनी वैद्यकात आधीच प्रमाणित नाव आहे आणि भाषांतरकाराने नवे नाव घडवायचे नसून नेमके तेच नाव नेमक्या प्रतिमानाला जोडायचे असते.

या प्रकारातील ठळक उदाहरण म्हणजे ब्लेंडर या मुक्त त्रिमित आरेखनप्रणालीवर उभारलेला झेड-ॲनाटॉमी हा शरीररचनेचा नकाशासंग्रह. त्याची प्रतिमाने मुख्यतः बॉडीपार्ट्सथ्रीडी या जपानी संग्रहातून आली आहेत. तोक्योच्या ‘डेटाबेस सेंटर फॉर लाइफ सायन्स’ या संस्थेने तो तयार केला, २००९ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले आणि त्याच्या मुळाशी एका प्रौढ जपानी पुरुषाच्या चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमांवरून घडवलेले ‘तारो’ हे प्रतिमान आहे. या संग्रहातील प्रत्येक भागाला वॉशिंग्टन विद्यापीठाच्या ‘फाउंडेशनल मॉडेल ऑफ ॲनाटॉमी’ या ज्ञानकोशातील क्रमांक दिलेला आहे. नावांसाठी झेड-ॲनाटॉमी ‘टर्मिनोलॉजिया ॲनाटॉमिका’ या आंतरराष्ट्रीय लॅटिन परिभाषेचा आधार घेते. १८९५ साली बाझल येथे मान्य झालेल्या नामावलीची ही वंशज १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली, तिची दुसरी आवृत्ती २०१९ मध्ये निघाली आणि तिच्यातील प्रत्येक संज्ञेला स्वतंत्र सांकेतांक आहे.

चिनी भाषांतराचा सगळा भरवसा या सांकेतांकांवर आहे. इंग्रजी नावासमोर चिनी नाव लिहीत जाण्याची पद्धत सोयीची वाटली तरी धोक्याची ठरते, कारण इंग्रजीत ‘ॲटलस’ हा शब्द नकाशासंग्रहालाही लागतो आणि मानेच्या पहिल्या मणक्यालाही. यंत्राने केलेले भाषांतर संदर्भाअभावी त्या मणक्याला पुस्तकाचे नाव देऊ शकते, तर सांकेतांक धरून काम केल्यास ‘ह्वानज्वेइ’ हे मणक्याचे नावच समोर येते. दुसरी अडचण व्याकरणाची आहे. लॅटिनमध्ये स्नायूंचा गट व त्यातील एक स्नायू यांची नावे वचनाने वेगळी ओळखू येतात. चिनी नामाला सामान्यतः वचनाचा प्रत्यय नसतो, त्यामुळे गट आणि घटक यांची नावे पडद्यावर एकसारखी दिसू शकतात आणि सांकेतांकाशिवाय त्यांतील भेद उरत नाही.

आजची चिनी नामावली अनेक थरांनी बनली आहे व तो इतिहास भाषांतरकाराने जाणणे आवश्यक आहे. ग्वांगजौ येथे काम करणारे ब्रिटिश वैद्यकीय मिशनरी बेंजामिन हॉब्सन यांनी १८५१ मध्ये ‘छ्युएनथी शिनलुन’ हा शरीररचनेचा ग्रंथ चिनी भाषेत प्रसिद्ध केला आणि त्यात चेतेसाठी ‘मेंदूच्या छीचा तंतू’ अशा अर्थाची संज्ञा योजली. ‘छी’ म्हणजे चिनी वैद्यकातील प्राणशक्ती. ही संज्ञा टिकली नाही. तिची जागा ‘शनजिंग’ या शब्दाने घेतली आणि तो जपानमधून आला, जिथे एका डच ग्रंथावरून केलेल्या १७७४ च्या ‘काइताइ शिन्शो’ या भाषांतरात सुगिता गेन्पाकू व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो घडवला होता. ग्रंथीसाठीचे ‘शिएन’ हे चिन्ह तर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उदागावा गेन्शिन या जपानी विद्वानाने नव्याने तयार केले. चीनने ते स्वीकारले, परंतु उदागावानेच स्वादुपिंडासाठी घडवलेले चिन्ह न स्वीकारता ‘यी’ हे जुने चिनी चिन्ह रूढ केले. जपानी संग्रहावर उभ्या असलेल्या प्रणालीतील जपानी नावे तशीच्या तशी चिनी म्हणून वापरता येत नाहीत, याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

मुख्यभूमी चीनमध्ये वैज्ञानिक संज्ञा ठरवणारी राष्ट्रीय समिती १९८५ मध्ये स्थापन झाली आणि तिने मानवी शरीररचनेची नामावली पहिल्यांदा १९९१ मध्ये प्रसिद्ध केली; सरलीकृत लिपीतील भाषांतरासाठी समितीची नामावली हाच मुख्य आधार आहे. तैवानमध्ये पारंपरिक लिपी चालते आणि फरक केवळ चिन्हांच्या आकाराचा नसतो. पुरस्थ ग्रंथीला बीजिंगमध्ये ‘छिएनलिएशिएन’ म्हणतात, तर तैपेइत ‘शहूशिएन’ हे नाव रूढ आहे. म्हणून एका लिपीतील नावांची यादी यांत्रिक रीतीने दुसऱ्या लिपीत बदलून दोन्ही भाषांतरे पूर्ण झाली असे मानणे चूक आहे. दोन्हींसाठी स्वतंत्र स्तंभ ठेवणे हाच योग्य मार्ग होय.

तांत्रिक बाजूला काही अडथळे अनपेक्षित ठिकाणी येतात. युनिकोडमध्ये हाड या अर्थाच्या चिन्हाला एकच स्थान असले तरी त्याच्या वरच्या भागातील छोटा कोन मुख्यभूमी चीनच्या वळणात एका बाजूला व तैवान आणि जपानच्या वळणात दुसऱ्या बाजूला असतो, त्यामुळे प्रणालीने योग्य अक्षरसंच निवडला नाही तर हाडांच्या व अनेक सांध्यांच्या नावांत परके वळण दिसते. ब्लेंडरमध्ये वस्तूच्या नावाला अनेक वर्षे ६३ बाइटांची मर्यादा होती. साठवणीच्या रूढ पद्धतीत एक चिनी चिन्ह ३ बाइट घेते, म्हणजे नावात २१ चिन्हेच मावत. देवनागरीतील प्रत्येक वर्णचिन्ह व मात्राही तितकीच जागा घेते आणि तिची नावे चिनीपेक्षा लांब असल्याने ही मर्यादा असलेल्या आवृत्तीत मराठी भाषांतर करू पाहणाऱ्याला हा अडथळा अधिक जाणवेल. नावाच्या शेवटी डावी-उजवी बाजू दाखवणारे जे चिन्ह असते त्यावर प्रणालीतील आरशासारखी प्रतिबिंबित करण्याची क्रिया अवलंबून असते, म्हणून त्याचे भाषांतर कधीही करू नये. याच कारणांनी वस्तूचे मूळ नाव न बदलता दर्शनी नाव वेगळ्या तक्त्यातून वाचून दाखवणे अधिक सुरक्षित ठरते.

एखाद्या वाक्यातील ढोबळ चूक वाचकाला लगेच खटकते. चुकीच्या धमनीला लागलेले बरोबर लिहिलेले नाव विद्यार्थ्याला कधीच खटकणार नाही, तो ते पाठ करील. म्हणून प्रत्येक चिनी नावासोबत सांकेतांक व आधारग्रंथ नोंदवणे आणि शरीररचना शिकवणाऱ्या व्यक्तीने प्रतिमान समोर ठेवून तपासणी करणे अनिवार्य मानले पाहिजे. झेड-ॲनाटॉमीची सामग्री श्रेयनिर्देश व समान वाटप या अटींच्या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली उपलब्ध असल्याने तिच्या आधारे केलेली व प्रसिद्ध झालेली चिनी आवृत्तीही त्याच अटींवर सर्वांना खुली ठेवावी लागते आणि तीत आढळलेली चूक कोणीही दुरुस्त करू शकतो.