मेहनत आणि हिशेब

एका पुस्तकात कार्थेजच्या चांदीच्या नाण्याचं छायाचित्र पाहत होतो. एका बाजूला घोड्याचा पुढचा अर्धा देह आणि त्याच्याकडे हार घेऊन झेपावणारी विजयदेवता. दुसऱ्या बाजूला खजुराचं झाड आणि बुंध्याशी चार अक्षरं. लिपी फिनिशियन, म्हणजे उर्दूसारखीच उजवीकडून डावीकडे जाणारी. तीत स्वर लिहीत नाहीत. खाली अक्षरांची फोड दिली होती : म-ह-न-त. लहानपणी घरी उर्दू गिरवलेला मी पटकन म्हणालो, 'मेहनत'! उर्दूत मेहनत याच चार अक्षरांनी लिहितात. पण अर्थ निघाला 'छावणी'. अक्षरं तीच, शब्द निराळा. मी चुकलो खरा; पण फार लांब गेलो नव्हतो. कारण ते नाणं सैनिकांच्या मेहनतान्यासाठीच पाडलेलं होतं.

कार्थेज म्हणजे आजच्या ट्युनिशियाच्या किनाऱ्यावर फिनिशियन दर्यावर्दींनी वसवलेलं शहर. परंपरेनुसार ते इ. स. पूर्व 814 मध्ये वसलं. मूळ नाव 'कर्त हदश्त', म्हणजे नवं शहर. व्यापारात मुरलेल्या या लोकांनी जवळपास चारशे वर्षं स्वतःची नाणी पाडलीच नाहीत, याचं मला नवल वाटतं. इ. स. पूर्व 410 च्या सुमारास सिसिली बेटावर ग्रीकांशी लढताना मात्र ती पाडावी लागली. लढणारे बरेचसे भाडोत्री आणि त्यांना सवय ग्रीक चलनाची. म्हणून नाण्याचं वजनही ग्रीकच ठेवलं, साधारण 17 ग्रॅम. पुढे तर चेहराही शत्रूचाच उचलला : सिराक्यूजच्या नाण्यावरची, भोवती डॉल्फिन असलेली अरेथुसा. खजुराची तर आणखी गंमत. ग्रीक भाषेत 'फिनिक्स' म्हणजे खजूर आणि फिनिशियन माणूसही. आता हा श्लेष ग्रीक जाणणाऱ्यालाच कळणार!

काही नाण्यांवर आणखी एक शब्द आहे : म-ह-श-ब-म. अर्थ, खजिन्याचे हिशेबनीस. इथे मात्र माझी फसगत झाली नाही. यातला ह-श-ब हा धातू अरबीतल्या ह-स-बचा सख्खा भाऊ. त्या अरबी धातूपासून 'हिसाब' झाला आणि तोच आपल्याकडे 'हिशेब' होऊन वाण्याच्या वहीत येऊन बसला.

या शब्दांचं मोल मला फार वाटतं. इ. स. पूर्व 146 मध्ये रोमन सैन्यानं कार्थेज जाळलं. तिथली पुस्तकं आफ्रिकेतल्या छोट्या राजांना देऊन टाकली. मागो नावाच्या लेखकाचा शेतीवरचा ग्रंथ तेवढा लॅटिनमध्ये करून घेतला. त्यामुळे कार्थेजची कहाणी आपण वाचतो ती ग्रीकांनी आणि रोमनांनी लिहिलेली. तीत ही माणसं लोभी आणि कपटी. नाण्यावर मात्र ती स्वतः बोलतात. आणि सांगतात काय? शहर, छावणी, हिशेबनीस. ना राजाचं नाव, ना बिरुदावली.

पुढे हा हिशेबच चुकला. इ. स. पूर्व 241 मध्ये रोमशी पहिलं युद्ध हरल्यावर 3200 टॅलंट, म्हणजे सुमारे 80 टन चांदी, खंडणी म्हणून द्यायचं ठरलं. भाडोत्री सैनिकांचा पगार थकला होता. तो कमी करून घ्या, अशी घासाघीस शहरानं सुरू केली. सैनिक उलटले, आफ्रिकेतले लिबियन लोक त्यांना मिळाले आणि तीन वर्षांहून अधिक काळ हे युद्ध चाललं. बंडखोरांनीही आपली नाणी काढली. कार्थेजचीच नाणी घेऊन त्यांच्यावर आपला छाप मारला आणि ग्रीक अक्षरांत लिहिलं, 'लिबियनांचं'. त्यातल्या काही नाण्यांवर नव्या छापाखालून जुन्या छापाच्या रेषा अजून दिसतात.