तळटीप १४ : रामदेवराव

१४. ‘आमचे रामदेवराव’ – देवगिरीचा यादव राजा रामचंद्र (राज्यकाल १२७१–१३११). ज्ञानेश्वरीच्या (१२९०) अखेरीस उल्लेख आहे तो याच राजाचा. हेमाडपंत याचाच मंत्री. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीच्या स्वारीनंतर त्याला जबर खंडणी द्यावी लागली. सिंदखेड राजाचे (जि. बुलढाणा) जाधव आपले कूळ याच्यापर्यंत नेतात. म्हणूनच लखुजी जाधवांच्या कन्या जिजाऊ यांना आजच्या मालिका-चित्रपटांत आणि १२ जानेवारीच्या जन्मोत्सवातील भाषणांत यादवकुळाच्या लेकी म्हणून गौरवतात. लखुजींचा खून १६२९ मध्ये दौलताबादेस, म्हणजे त्याच देवगिरीवर, निजामशाही दरबारात झाला. हा कुलाभिमान जपण्याजोगाच आहे. पण मधल्या तीनेकशे वर्षांची वंशावळ परंपरेने आलेली असल्याने तिला शिलालेखाइतका पुरावा मानू नये.