कंदील कोणी धरला होता?

12 जानेवारी 1924. येरवड्याच्या तुरुंगातून महात्मा गांधींना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणले होते. अपेंडिक्सचे दुखणे विकोपाला गेले होते आणि त्याच रात्री शस्त्रक्रिया करावी लागणार होती. कर्नल मॅडॉक या इंग्रज सर्जनने ती केली. शस्त्रक्रिया चालू असतानाच वीज गेली. परिचारिकेच्या हातातली विजेरीही मध्येच विझली. अखेर कंदिलाच्या उजेडात मॅडॉक यांनी काम पुरे केले. गांधीजी वाचले आणि 5 फेब्रुवारीला त्यांची सुटकाही झाली. तो कक्ष आज स्मारक म्हणून जपला आहे.

हा प्रसंग मी अनेक चरित्रांतून वाचला. मॅडॉक यांचे नाव सगळीकडे भेटते. शस्त्रक्रियेआधी गांधीजींपाशी असलेले श्रीनिवास शास्त्री भेटतात. पण कंदील कोणी आणला, तो कोणी धरला आणि धरणाऱ्याचा हात किती वेळ अवघडला असेल, हे मी वाचलेल्या एकाही पुस्तकात नाही.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. जुनी पुस्तके, ग्रंथालयांतले अहवाल आणि शब्दकोश यांच्या नादी लागून जे कळले तेवढेच माझे भांडवल. या प्रश्नाशी मी का अडलो, त्याचे कारण घरातले आहे. माझी आई तालुक्याच्या गावी एका सरकारी दवाखान्यात आया होती. संध्याकाळी घरी आली की तिच्या अंगाला फिनेलचा वास यायचा. तिच्यासारख्यांचा इतिहास कुठे सापडतो, हे शोधायला मी निघालो. तो अहवालांपेक्षा शब्दकोशांत जास्त सापडला.

आरंभ चरकसंहितेपासून करू. चरकाने चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, रुग्णाची सेवा करणारा उपस्थाता आणि स्वतः रुग्ण. उपस्थात्याच्या अंगी शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी प्रेम आणि शुचिता असावी, अशी अपेक्षा आहे. प्रमुख वैद्यच, हे चरकही सांगतो. पण सेवा करणाऱ्याला त्याने चिकित्सेच्या व्याख्येतच जागा दिली आहे. पुढच्या काळात ही जागा कशी अरुंद होत गेली, ते आपल्या इस्पितळी शब्दांतून दिसते.

‘इस्पितळ’ हाच शब्द मुळात पोर्तुगीज. ‘आया’देखील पोर्तुगीजच. त्या भाषेत हा शब्द बड्या घरच्या मुलांना सांभाळणाऱ्या बाईसाठी होता. आपल्याकडे तो साहेबाच्या बंगल्यातून वॉर्डात आला आणि रुग्णाला भांडे देणाऱ्या, अंग पुसणाऱ्या, चादरी बदलणाऱ्या बाईला चिकटला. पाणी भरणारा ‘भिश्ती’ फारसीतून आला. त्याच्या मुळाशी ‘बिहिश्त’ म्हणजे स्वर्ग आहे. तहानलेल्याला पाणी देणारा तो स्वर्गीय. ‘मेहतर’ही फारसीच. अर्थ, अधिक थोर, सरदार. चित्रालच्या राजाची पदवी ‘मेहतर’ होती! आपल्याकडे हा शब्द मैला उचलणाऱ्याला लावला गेला. समाजाने ज्याला उंबऱ्याबाहेर ठेवले, त्यालाच थोर म्हटले. हा सन्मान होता की थट्टा, हे त्या माणसाला कोणी विचारले असेल असे वाटत नाही.

मग इंग्रजी शब्द आले. मुंबईत 1845 साली सर जमशेटजी जीजीभॉय रुग्णालय आणि ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. पुण्यात 1867 साली डेव्हिड ससून यांच्या देणगीतून ससून उभे राहिले. या संस्थांबरोबर हुद्द्यांची एक उतरंडही आली. वर सिव्हिल सर्जन, बहुधा गोरा. त्याच्या हाताखाली हॉस्पिटल असिस्टंट, बहुधा देशी. मग जखमा धुऊन पट्ट्या बांधणारा ड्रेसर आणि औषधे तयार करणारा कंपाउंडर. गोळ्यांची पाकिटे कारखान्यांतून येऊ लागण्यापूर्वी मिक्श्चर घोटणे, पुड्या बांधणे आणि मात्रा कळावी म्हणून बाटलीला खाचांची कागदी पट्टी चिकटवणे ही कंपाउंडरची कामे होती. पन्नाशी उलटलेल्या वाचकांना ती पट्टी आठवेल. रुग्ण बाटली घरून आणायचा आणि औषधाइतकाच कंपाउंडरच्या शब्दावर विश्वास ठेवायचा.

उतरंडीच्या तळाशी ‘वॉर्डबॉय’. या शब्दापाशी मी फार दिवस थांबलो. साहेबाच्या घरी नोकर कितीही वयाचा असला तरी ‘बॉय’च. साहेब गेला, पण शब्द राहिला. नातवंडे झालेला, गुडघे दुखणारा माणूस स्ट्रेचर ढकलत असतो आणि हजेरीपटावर तो बॉय असतो.

‘सिस्टर’ मात्र वेगळ्या वाटेने आली. इंग्लंडमध्ये रुग्णसेवा करणाऱ्या धर्मसंघांतल्या भगिनींवरून हा शब्द रुजला. तशाच भगिनी मुंबईच्या रुग्णालयांतही काम करीत. पण ‘भगिनी’ म्हणणे सोपे आणि आपल्या भगिनीला त्या कामाला पाठवणे अवघड. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, रक्त-पू पुसायचा, कोणत्याही जातीच्या रुग्णाचे भांडे उचलायचे. सोवळ्या घरांना हे सहन होण्यासारखे नव्हते. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने 1909 साली सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनाने स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणासाठी ससूनमध्ये पाठवायला सुरुवात केली, तेव्हा लोकनिंदा सोसावी लागली. शिकणाऱ्यांत विधवाही होत्या. ज्या स्त्रीचे दर्शनही समाज अशुभ मानत होता, तिच्याच हातून समाज औषध घेणार होता.

त्याच्या बारा वर्षे आधी, 1897 च्या प्लेगमध्ये, हे सोवळे कोणी तरी आधीच मोडले होते. सावित्रीबाई फुले यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ माळरानावर दवाखाना थाटला होता. सावित्रीबाई तिथे रुग्णांची सेवा करीत. मुंढव्याच्या गायकवाडांच्या आजारी मुलाला त्यांनी स्वतः उचलून आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्यांचे निधन झाले. शिक्षिका म्हणून आपण त्यांना रोज आठवतो. पण त्यांनी शेवटचे काम केले ते स्ट्रेचर वाहणाऱ्याचे. आजच्या भाषेत वॉर्डबॉयचे.

आता अलीकडची गोष्ट. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर 1973 मध्ये रुग्णालयातच पाशवी हल्ला झाला. हल्लेखोर तिथलाच सफाई कामगार होता, हे लपवण्याचे कारण नाही. रुग्णालयातली माणसे समाजातूनच येतात. त्यानंतर 18 मे 2015 रोजी मृत्यू येईपर्यंत अरुणाताई त्याच रुग्णालयात अंथरुणावर होत्या. 41 वर्षांहून अधिक काळ! परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या. ज्यांनी त्यांना कधी हिंडता-फिरता पाहिले नव्हते, अशा मुलींनी त्यांना भरवले, न्हाऊ घातले, कुशीवर वळवले. दयामरणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा 2011 च्या निकालात न्यायालयाने त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांचा मानला. इतकी वर्षे सेवा करणाऱ्यांचे नाते कायद्यानेही ओळखले. माझ्या माहितीत, चरकाच्या उपस्थात्याला आपल्या काळात मिळालेला हा सर्वांत मोठा मान.

नात्याचेच म्हणाल तर आपल्या रुग्णालयांतल्या लोकांनी हुद्द्यांवर स्वतःचा उपाय फार पूर्वी शोधला आहे. महाराष्ट्रातल्या कोणत्याही सरकारी दवाखान्यात जा. वॉर्डबॉयला सगळे ‘मामा’ म्हणतात आणि आयाला ‘मावशी’. दोन्ही आईकडची नाती. मध्यरात्री घाबरलेला रुग्ण ‘मावशी’ अशी हाक मारतो, तेव्हा त्या हाकेत हुद्दा उरत नाही. मला हे फार सुंदर वाटते. पण खटकतेही. कारण मामाला आणि मावशीला नाव लागत नाही. घरी जाताना लोक डॉक्टरांचे नाव विचारून, लक्षात ठेवून जातात आणि पेढ्यांचा पुडा ‘मावशींना’ देतात.

आई निवृत्त झाल्यावर एकदा मी तिला विचारले, इतकी वर्षे काय काम केलेस ते सांग, लिहून ठेवतो. ती म्हणाली, “त्यात लिहिण्यासारखं काय रे?” मग थोड्या वेळाने आपणहून सांगू लागली. गॉजच्या घड्या कशा घालायच्या, ड्रममध्ये कशा रचायच्या, म्हणजे वाफ सगळीकडे पोचते. बाळंतिणीला पहिल्यांदा उठवताना हात कुठे धरायचा. आणि पावसाळ्यात वीज गेली की टेबलाशी बत्ती घेऊन कसे उभे राहायचे. “डॉक्टरांच्या उजव्या खांद्यामागून धरायची नाही,” ती म्हणाली, “त्यांच्याच हाताची सावली पडते. समोरून, जरा वरून धरायची. आणि जखमेकडे बघायचं, डॉक्टरांकडे नाही.”

ससूनमधल्या त्या रात्रीचे नाव मला मिळालेले नाही. पण उजेड कसा धरायचा, हे त्या माणसालाही कोणीतरी असेच शिकवले असणार. आईचे बोलणे मी तारखेसह वहीत उतरवून ठेवले आहे आणि वर तिचे पूर्ण नाव लिहिले आहे.